रोटरीला घाट दाखवता येत नाही

धुळ्यात टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, तक्रार घेऊन गाडी आली की आमची पहिली पद्धत ठरलेली, ड्रायव्हरला बाजूला बसवायचं, स्टेअरिंग आपण घ्यायचं आणि लळिंग घाटाकडे निघायचं. गाडीत माल भरलेला असेल तर अजून चांगलं. चढावर लोड आला की इंजिन स्वतःच सगळं सांगतं, पिकअप कुठे तुटतो, शिट्टी कधी येते, धूर काळा का निळा, कोणता होज फुगतो. रावेर-सावद्याची केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या, कापसाच्या गाठींचे ट्रक, शिरपूरकडून येणारे टँकर, कित्येकांचं निदान मी असं चालवून आणि ऐकून केलंय. डिझेल इंजिन सहनशील असतं, चार किलोमीटर आजारी चालवलं तरी ते तुटत नाही, त्यामुळे आमच्या धंद्यात "चालू कर, ऐकू दे" हे वाक्य दिवसभर तोंडात असतं.

आणि मग यावर्षी एप्रिलच्या शेवटी भाच्याचा फोन आला. तो न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये असतो, अमळनेरचा मुलगा, लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या गॅरेजवर येऊन नोजल धुवायचा. तिकडे जपानी सेकंडहँड गाड्या भरपूर येतात आणि रोटरी इंजिनवाल्यांचा मोठा गोतावळा आहे. त्याने तिथे माझदा आरएक्स-७ घेतली, रोटरी इंजिनची स्पोर्ट्स गाडी, ती १९९१ साली आलेली तिसरी पिढी, गोल अंगाची. जुनं इंजिन गेलेलं होतं म्हणून एका वर्कशॉपमधून नवीन बांधलेलं १३बी, हे तिच्या रोटरी इंजिनाचं नाव, बसवून घेतलं, मूळच्या दोन टर्बोंच्या जागी एक मोठा टर्बो, नवा ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, मोठे इंजेक्टर. पैसा किती गेला ते त्याने त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही आणि मी पण सांगणार नाही. गाडी घरी आली आणि दोन दिवसात तो व्हिडिओ कॉलवर, चेहरा पडलेला.

"मामा, गाडी धूर मारी राह्यनी. गरम झाली की चालू होत नाही. आणि टर्बो प्रेशर घ्यायला लागला की फटफट करून तुटते."

त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, त्यामुळे तो कामावरून येऊन जेवून गॅरेजमध्ये शिरायचा तेव्हा आमच्याकडे दुपारचे दोन वाजलेले असायचे, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, पत्र्याखाली पंखा गरम हवा फेकतोय, आणि तो तिकडे जॅकेट घालून बॉनेटखाली वाकलेला. माझ्या तोंडातून पहिलं वाक्य सवयीने येणारच होतं, एकदा चढावर घेऊन जा आणि फोन चालू ठेव, मी ऐकतो. पण या इंजिनाबद्दल मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, हातात कधी आलं नाही तरी मन त्यात होतं, म्हणून मी त्याला एकच सांगितलं की आजपासून या गाडीला टर्बोचं प्रेशर दाखवायचं नाही, अजिबात नाही, कारण सापडेपर्यंत.

हे का ते नीट सांगायला हवं. रोटरीत पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व नाही. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखं मधे किंचित आवळलेलं एक हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आणि त्यात फिरणारा तीन कोपऱ्यांचा, फुगीर बाजूंचा रोटर. रोटर एकदा पूर्ण फिरतो तोवर मधला शाफ्ट तीनदा फिरतो. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन कप्पे, एकात पेट्रोल-हवा आत येतेय, दुसऱ्यात दाबली जातेय, तिसऱ्यात जळून बाहेर पडतेय, सगळं एकाच वेळी चालू. १३बी मध्ये असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद निघते याचं मला अजूनही कौतुक वाटतं, पाना हातात धरणाऱ्या कुठल्याही माणसाला वाटेल.

पण सगळा जीव आहे तो त्या कोपऱ्यांवर. प्रत्येक कोपऱ्यात एक पट्टी बसते, तिला अ‍ॅपेक्स सील म्हणतात, साधारण ८० मिलीमीटर लांब आणि या इंजिनात फक्त २ मिलीमीटर जाड. पिस्टनची रिंग जे काम करते ते ही पट्टी करते. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, ठिणगीचं टायमिंग चुकलं आणि प्रेशरमध्ये असताना आत खडखड झाली, म्हणजे डिटोनेशन, की ही पट्टी मोडते. डिझेलमध्ये आपण आवाज ऐकून पाय काढतो तेवढा वेळ इथे मिळेलच असं नाही. मोडलेला तुकडा हाउसिंगला ओरखडे पाडत एक्झॉस्टमधून बाहेर जातो आणि वाटेत टर्बोच्या पंख्यावर आपटतो, म्हणजे इंजिन पण गेलं आणि टर्बो पण. तक्रार शोधायला म्हणून मारलेली एक फेरी पूर्ण खर्च दुप्पट करू शकते. म्हणून मी म्हणतो की रोटरीला घाट दाखवता येत नाही, तिचं दुखणं तिला लोड न देता शोधावं लागतं, मोजून.

या सीलचा इतिहास मला फार आवडतो आणि तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवर जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं इंजिन फिरलं. माझदाने लायसन्स घेतलं आणि केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसवले. त्यांच्या इंजिनात थोडे तास चालवलं की हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उठायचे, त्याला ते लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. सरळ विचार केला तर वाटेल भिंत मऊ आहे, अजून कडक धातू वापरा. पण त्यांनी ओळखलं की सील भिंतीवरून सरकताना स्वतःच्या कंपनसंख्येत थरथरतंय आणि ओरखडे त्या थरथरीचे आहेत. सीलमध्ये आडवी-उभी पोकळी करून कंपन बदललं तेव्हा ओरखडे थांबले, पुढे कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमचं सील केलं आणि १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट विकायला काढली. पुढे १९९१ ला चार रोटरची ७८७बी ल मां ची २४ तासांची शर्यत जिंकली, ते सगळे सांगतात, पण मला त्या शर्यतीपेक्षा हे ओरखड्यांचं निदान मोठं वाटतं. जिथे खूण दिसते तिथेच बिघाड असतो असं नाही, हे आमच्या धंद्यात शिकायला आयुष्य जातं.

तर भाच्याकडे. त्याच्या मनात पक्कं बसलं होतं की इंजिनच खराब बांधलंय, परत उतरवायचं आणि त्या वर्कशॉपशी भांडायचं. हे मी इथे पण रोज बघतो, नवीन बांधलेल्या इंजिनात काहीही झालं की माणूस सगळ्यात महाग वस्तूवर संशय घेतो. माझं मत उलटं आहे. इंजिन बदलताना इंजिनच्या आतले भाग एका टेबलावर, उजेडात, मोजून बसतात, आणि बाहेरच्या जोडण्या मात्र अंधारात, वाकून, संध्याकाळी घाईत होतात, कुठली वायर कुठे होती ते आठवून. म्हणून आधी जोडण्या बघाव्या. पण संशय मनातून काढायचा तर आकडा लागतो, म्हणून पहिलं काम कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यात हवा किती दाबली जाते ते मोजणं.

रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजने घेतलं तर फसायला होतं. गेजमधला छोटा व्हॉल्व तीन बाजूंपैकी जी सगळ्यात चांगली तिचाच आकडा धरून ठेवतो आणि दोन मेलेल्या बाजू लपून जातात. खास रोटरीचं मीटर मिळतं, ते तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवतं, त्याने एका रोटरीवाल्या मित्राकडून ते आणलं. हिशोब असा असतो की शाफ्ट २५० आरपीएमने फिरत असताना या इंजिनाला दर चौरस सेंटीमीटरला कमीत कमी ६ किलो हवेत आणि एका रोटरच्या तीन बाजूंत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. फरकावरून पण बरंच कळतं, एक सील दोन कप्प्यांच्या मधे असतं म्हणून ते गेलं की शेजारच्या दोन बाजू पडतात, एकच बाजू पडली तर मग बाजूचं सील बघायचं.

त्याने सेल्फ मारला, आणि आकडे आले ते सगळेच्या सगळे ६ च्या खाली. भाचा गप्प झाला. मी विचारलं, फिरतंय किती आरपीएमने? मीटरवर बघितलं तर दोनशेच्या पण खाली. आणि मग मला ती गरम झाल्यावर चालू न होण्याची तक्रार वेगळी दिसायला लागली, कारण रोटरीत सेल्फ जेवढा हळू तेवढी सीलच्या फटीतून हवा जास्त निसटते, कॉम्प्रेशन पडतं, पेट्रोल मात्र येतच राहतं, इंजिन पेट्रोलने भरून जातं, पेट्रोल सीलवरचं ऑइल धुवून टाकतं आणि कॉम्प्रेशन अजून पडतं. गरम इंजिनात ऑइल पातळ असतं म्हणून तिथेच ते जास्त जाणवतं.

मल्टिमीटरचा एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं सरळ इंजिनच्या अंगावर, आणि सेल्फ मार. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, आलं एक व्होल्टच्या वर. म्हणजे अर्थिंगची जोडणी कच्ची होती. इंजिन काढल्यावर इंजिनची खोली त्यांनी सुंदर रंगवून घेतली होती आणि अर्थिंगची जाड वायर त्या रंगावरच बोल्ट मारून बसवली होती. रंग खरवडला, वायरच्या टोकाला नवा लग लावला, बॅटरी रात्रभर चार्ज केली. दुसऱ्या दिवशी शाफ्ट अडीचशेच्या वर फिरला आणि सहाही बाजू साडेसहाच्या आसपास, एकमेकींपासून फारशा लांब नाहीत. नव्या सीलना हाउसिंगवर बसायला वेळ लागतो, तोवर आकडा थोडा कमीच राहतो, त्यामुळे हे चांगलं होतं. भाच्याने फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिला थोडा वेळ. मी पण काही बोललो नाही, मला माहितीये ते कसं असतं.

धुराला मात्र वेळ लागला. आधी रंग आणि वास. पांढरा आणि गोडसर वासाचा असता तर कूलंट आत जातंय, म्हणजे हाउसिंगमधली पाण्याची सील गेली, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागलं असतं. ते तपासायला कूलंटला हातपंपाने प्रेशर देऊन तासभर ठेवलं, काटा हलला नाही, बुडबुडे नाहीत. धूर निळसर, ऑइलचा. त्यातला थोडा नवीन रोटरीला माफच असतो कारण इंजिन बांधताना सील जागेवर चिकटून राहावीत म्हणून व्हॅसलीन लावतात, ते जळतं, शिवाय हे इंजिन मुळातच सीलना ओलावा राहावा म्हणून पंपाने थोडं थोडं ऑइल आत सोडतं. पण हा धूर सुरुवातीला नसायचा, दहा मिनिटं आयडलवर ठेवली की यायचा, वाढत जायचा, आणि जरा रेस केली की मोठा लोट.

हे लक्षण मी ओळखतो, यासाठी रोटरी माहीत असायची गरज नाही. टर्बोच्या शाफ्टला रबरी ऑइल सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि त्या ऑइलला तेव्हाच आत धरतात जेव्हा खालून ऑइलला मोकळं उतरायला जागा असते. प्रेशरने वर जातं, खाली मात्र स्वतःच्या वजनाने उतरतं, पंप नाही काही नाही. परतीचा पाइप बारीक असला, वाकला, आडवा पडला की ऑइल टर्बोत साचतं आणि रिंगांतून एक्झॉस्टमध्ये जातं. केळीच्या एका गाडीला रस्त्यावर घाईत टर्बो बदलून दिला होता कोणीतरी, धूर मारतो म्हणून टर्बो परत बदलला, तरी धूर, मालक रडकुंडीला, आणि शेवटी माझ्याकडे आला तेव्हा परतीच्या पाइपात गॅस्केटचा सोल्यूशन वाळून अर्धं भोक बंद झालेलं. नवीन टर्बोत काहीच दोष नव्हता.

भाच्याला सांगितलं गाडी वर घे आणि पाइप दाखव. होज एका ठिकाणी जवळजवळ आडवा गेलेला, वळणावर चपटा. पण त्याच्या जोडीला अजून एक गोष्ट होती जी मला पहिल्या नजरेत दिसली नाही म्हणून मी त्याला फोन इंजिनभोवती हळूहळू फिरवायला लावला, ऑइल भरायच्या नळकांड्याला जे दोन श्वासाचे निपल असतात त्यातले दोन्ही रबरी टोपी घालून बंद. इंजिनच्या पोटातली वाफ आणि प्रेशर जायला वाटच नाही, पोटात प्रेशर असलं तर वरून येणारं ऑइल उतरणार कसं? निपल मोकळे करून कॅच कॅनला, म्हणजे वाफेतलं ऑइल साठवणाऱ्या डब्याला, जोडले, परतीचा पाइप जाड आणि सरळ उताराचा केला. धूर त्यानंतर पण काही दिवस आला, सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळून जाईपर्यंत, आणि रोज तो मला व्हिडिओ पाठवायचा, कालपेक्षा कमी आहे ना मामा? कमी होता.

राहिली तिसरी तक्रार, प्रेशर घेताना तुटणं, आणि धोका सगळ्यात जास्त हिच्यात होता. त्याच्याकडे पहिल्या दोन दिवसातली ईसीयूची रेकॉर्डिंग होती. त्यात दिसत होतं की गाडी तुटते त्या क्षणी मिश्रणाचा आकडा, म्हणजे पेट्रोलच्या किती पट हवा आहे तो, एकदम पातळकडे जातो. प्रेशरमध्ये टर्बो रोटरी ११ च्या आसपास किंवा त्याहून दाट चालवतात, हा आकडा उडून १५ च्या पुढे. तिथल्या एका मित्राने सल्ला दिला की पेट्रोल कमी पडतंय, मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या हिशोबात, वाढव. मी थांबवलं. सायलेन्सरमधला सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो जळून उरलेला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की न जळलेली सगळी हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सर म्हणतो पातळ आहे, आत पेट्रोल धो धो का असेना. खरंच पातळ आहे का मिसिंग आहे हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. पेट्रोल वाढवलं असतं तर प्लग अजून ओले, मिसिंग अजून जास्त.

प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, एक लीडिंग, एक ट्रेलिंग. कप्पा लांबट असल्यामुळे एका ठिणगीने आग शेवटपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून दुसरी थोडी मागून. या मूळ इग्निशनमध्ये लीडिंगची एकच कॉइल दोन्ही रोटरला एकदम ठिणगी देते, त्यामुळे लीडिंगच्या वायरी आपसात बदलल्या तरी काही बिघडत नाही. ट्रेलिंगच्या कॉइल मात्र स्वतंत्र. त्या वायरी उलट लागल्या तर ट्रेलिंगची ठिणगी अर्ध्या फेऱ्याने भलत्याच वेळी पडते, आणि आयडलला लीडिंग सगळं सांभाळून घेते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, लोड आला की मात्र फटफट.

हे बघायला गाडी हलवायची गरज नाही. टायमिंग लाइट लाव, म्हणजे ठिणगी पडली की चमकणारा दिवा, इंजिन आयडलवर, त्याचा क्लॅम्प आधी पुढच्या रोटरच्या लीडिंगच्या वायरवर. पुलीवरची खूण पिनसमोर दिसली. आता क्लॅम्प पुढच्या ट्रेलिंगवर. खूण नाही. पुली नुसती कोरी. क्लॅम्प मागच्या रोटरच्या ट्रेलिंगवर टाक म्हटलं, आणि ट्रेलिंगची खूण तिथे समोर उभी. भाचा ओरडलाच, "मामा! व्हयनं ना!" त्याची आई अमळनेरहून दुसऱ्या दिवशी मला विचारत होती की याला रात्री एवढा आनंद कशाचा झाला.

दोन वायरी बदलल्या, चारही प्लग नवे टाकले, जुने काजळीने भरलेले होते. तरी मी लगेच प्रेशर देऊ दिलं नाही. हवेच्या पाइपांना बाहेरून कॉम्प्रेसरने प्रेशर देऊन साबणाचं पाणी मारलं, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरजवळ एका क्लिपखाली फेस आला तो घट्ट केला. पेट्रोलच्या प्रेशरला गेज लावून बघितलं की रेग्युलेटरला हातपंपाने जेवढा दाब देतो तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वर चढतं का, चढत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा नियम त्याने पाळला, मला त्याचं फार बरं वाटलं.

आमच्याकडे जुगाडाचं खूप कौतुक होतं, बाहेरून लोक येऊन व्हिडिओ पण काढतात. मला ते कौतुक पटत नाही. रस्त्यावर अडकलेली गाडी घरी आणायला जुगाड ठीक आहे, पण खानदेशातल्या पंपरूममध्ये, जिथे डिझेल पंप आणि नोजल तपासतात तिथे, बसणारी जी चांगली माणसं मी बघितली ती सगळी मोजणारी होती, एका नोजलच्या प्रेशरसाठी तास घालवणारी, शिमची पातळ चकती बदलून परत परत बघणारी. भाचा तीच सवय घेऊन तिकडे गेलाय.

सध्या तो गाडी साधी चालवतोय, टर्बोला जोर न देता, वेग बदलत बदलत, टाकीत प्रत्येक वेळी थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून, कारण ऑइलच्या पंपावर एकट्यावर त्याचा भरवसा नाही आणि माझा पण नाही. सोळाशे किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं, ऑइलमध्ये धातूचा चुरा आहे का ते चुंबकाने बघायचं, आणि कॉम्प्रेशन परत घ्यायचं, त्याच मीटरने, बॅटरी पूर्ण चार्ज करून, इंजिन तेवढंच गरम असताना. सहा आकडे आधीच्या सहा आकड्यांसमोर लिहायचे. ते वाढलेले असले तरच डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची आणि ट्यूनरच्या हातात द्यायची, तोही प्रेशर थोडं थोडं वाढवत नेणारा पाहिजे. आत्तापर्यंत नऊशेच्या आसपास झालेत असं परवा म्हणाला.